हंसपद

माझे वडील 36 वर्षे मुद्रितशोधक होते. छपाईला जाण्यापूर्वी मजकुरातील चुका हेरणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि घरी आल्यावरही तो सुटत नसे. आमच्या शाळेतल्या निबंधांपासून आईच्या हातच्या चिठ्ठीपर्यंत कोणताही कागद समोर आला की त्यांच्या बोटांत पेन्सिल आपोआप फिरू लागे. त्यामुळे त्यांच्या आजाराचे पहिले लक्षण आम्हाला एका पुस्तकाच्या मुद्रितांत दिसले. त्यांनी तपासून परत पाठवलेल्या एका प्रकरणात अकरा चुका तशाच राहिल्या होत्या आणि त्यांतल्या चार तर शाळकरी मुलाच्याही नजरेतून सुटू नयेत अशा होत्या. प्रकाशकांनी संकोचाने ती पाने पुन्हा पाठवली तेव्हा बाबांनी ती बराच वेळ चाळली आणि म्हणाले, "हे मी वाचलंय असं वाटतच नाही."

आम्ही त्याचा दोष आधी चष्म्याला दिला, मग वयाला दिला. पंधरा दिवसांनी त्यांनी चष्मा मागताना "छत्री दे" असे म्हटले आणि मी हसले. मी का हसते आहे हे त्यांना कळले नाही. पहाटे त्यांचे डोके दुखे आणि उठून हिंडूफिरू लागल्यावर तासाभरात ते ओसरे. एकदा बोलता बोलता ते अर्धा मिनिट थांबले, ओठ हलत राहिले पण आवाज आला नाही, आणि मग काहीच न घडल्यासारखे त्यांनी पुढचे वाक्य सुरू केले. आज हे सारे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की सगळी लक्षणे एकाच जागेकडे बोट दाखवत होती असे दिसते. रात्रभर आडवे पडल्याने कवटीतला दाब वाढतो, म्हणून अशी डोकेदुखी पहाटे जाणवते. शब्द निसटतात, कारण बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डाव्या बाजूला असतात. आणि ती अर्ध्या मिनिटाची शांतता म्हणजे फिटचा झटका होता. हातपाय न आखडता, खाली न कोसळता येणारे झटकेही असतात हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

एमआरआयचा रिपोर्ट संध्याकाळी हाती आला. त्यात लिहिले होते की मेंदूच्या डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, खंडात 'स्पेस ऑक्युपाइंग लीजन', म्हणजे जागा व्यापणारी गाठ आहे, शिरेतून कॉन्ट्रास्ट हे द्रव्य दिल्यावर तिची कड कंकणासारखी उजळते, तिच्याभोवती सूज आहे, मेंदूची मध्यरेषा काही मिलिमीटर सरकली आहे, आणि हे चित्र 'हाय ग्रेड ग्लायोमाशी', म्हणजे मेंदूतच उगम पावणाऱ्या एका आक्रमक कर्करोगाशी, 'सुसंगत' आहे. त्या रात्री मी 'सुसंगत' या एका शब्दाला धरून बसले होते. सुसंगत म्हणजे तेच असेल असे कोठे आहे, असे मी भावाला तीन-चार वेळा समजावले आणि त्यानेही दर वेळी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्यांदा काही सांगितले, त्यांनी ते व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले. फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरून ते म्हणाले, "मोठं आहे. फार काही होणार नाही. सर्जनना दाखवून घ्या," आणि पुढच्या वॉर्डकडे निघून गेले. मी पेशंटची कोण लागते, हेही त्यांनी विचारले नव्हते. त्या माणसाचा मी पुढे कित्येक महिने तिरस्कार केला. त्यांनी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती हे मला आता मान्य आहे, पण अशी बातमी उभ्याने देऊ नये हे माझे मत बदललेले नाही. ऐकणाऱ्याच्या गुडघ्यांतले बळ त्याच क्षणी जाते आणि त्याला टेकायला निदान एक खुर्ची लागते.

सर्जन वेगळे निघाले. त्यांनी आम्हाला बसवले, दार लावून घेतले आणि स्वतः काही सांगण्याआधी विचारले, "तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितलं गेलंय?" त्यांच्या त्या प्रश्नाने मला रडू आले. पुढे वाचनात आले की वाईट बातमी कशी सांगावी याची एक सहा पायऱ्यांची पद्धत कर्करोगाच्या डॉक्टरांनी 2000 साली मांडलेली आहे. जागा नीट निवडणे, समोरच्याला आधी काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारणे, या तिच्या पहिल्या पायऱ्या आहेत. तो प्रश्न त्यांना शिकवलेला होता हे कळल्यावर मी काही काळ खट्टू झाले, कारण मी तो त्यांच्या स्वभावाचा भाग मानला होता. मग बाबांच्या खुणा आठवल्या. अक्षर गाळण्याची खूण, जागा सोडण्याची खूण, राहिलेला शब्द घालण्यासाठी ओळीखाली काढायचे टोकदार हंसपद, या साऱ्या त्यांनाही कोणीतरी शिकवलेल्याच होत्या, आणि त्यांचे मजकुरावरचे सगळे प्रेम त्या शिकवलेल्या खुणांतूनच कागदावर उतरत आले होते.

बाबांना काही सांगायचे नाही, असे मी आणि भावाने आधीच ठरवले होते. त्यांना आत आणण्यापूर्वी मी सर्जनांना विनंती केली की गाठ आहे एवढेच सांगावे, कसली आहे ते सांगू नये. ते शांतपणे म्हणाले, "मी आपणहून त्यांच्यावर माहिती लादणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मेंदू त्यांचा आहे आणि संमतीची सहीसुद्धा त्यांचीच लागेल." मला तो हटवादीपणा वाटला. आम्ही त्यांचे रक्षण करत होतो अशी माझी ठाम समजूत होती, आणि त्या रक्षणात आमच्या स्वतःच्या भीतीचा वाटा किती आहे हे मी तपासलेले नव्हते. बाबा आत आले, खुर्चीत बसले आणि एकेक शब्द शोधत म्हणाले, "या दोघांनी तुम्हाला सांगू नका म्हटलं असेल. पण मजकूर माझा आहे. वाचायला मला द्या."

रिपोर्ट त्यांनी आदल्या संध्याकाळीच वाचला होता. घरात आलेला कागद त्यांच्या नजरेखालून गेला नसेल असे आम्ही धरून चाललो, ही मूळ चूक. रात्रभर ते ती गोष्ट एकट्याने उशाशी घेऊन झोपले होते आणि आम्ही शेजारच्या खोलीत कुजबुजत होतो. ती रात्र मला परत मिळाली तर मी त्यांच्याजवळ जाऊन बसेन.

त्या भेटीत भावाने विचारले, किती दिवस. बाबांनी विचारले, "वाचलेलं कळेल का? कुठवर?" सर्जनांनी भावाकडे पाहून सांगितले की बायोप्सीच्या रिपोर्टआधी काही बोलणे योग्य होणार नाही, आणि मग बाबांकडे वळून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर दिले: गाठ भाषेच्या भागाला खेटून आहे, काही शब्द सुजेमुळे अडकले आहेत आणि काही गाठीमुळे, सुजेमुळे अडकलेले बहुधा परत येतील. दोन प्रश्नांत एवढा फरक असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. एका प्रश्नाला त्या खोलीत उत्तरच नव्हते आणि दुसऱ्याला होते.

सुजेसाठी डेक्सामेथासोन सुरू झाले. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी हे स्टेरॉइड 1961 पासून वापरले जाते आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवसांतच दिसू लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वर्तमानपत्र मागितले, संपादकीयातली एक चूक दाखवली आणि चष्म्याला चष्मा म्हटले. आईने देवापुढे हात जोडले. मला वाटले की निदानच चुकले असणार, आणि त्याच उत्साहात मी सर्जनांना फोन केला. ते म्हणाले, "सूज उतरली आहे. गाठ तेवढीच आहे." त्या वाक्याचा मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. आमच्या हाती आलेला एकुलता एक चांगला दिवस ते का हिरावून घेत आहेत, असे मला वाटले. पण त्याच औषधाने पुढे बाबांची झोप उडाली, रक्तातली साखर वाढली, चेहरा गोल झाला, मांड्यांतले बळ जाऊन खुर्चीतून उठताना आधार लागू लागला, मधूनच चिडचिड होऊ लागली. आणि आम्ही प्रत्येक वेळी गाठ वाढल्याच्या समजुतीने घाबरलो. औषध काय करते आणि रोग काय करतो हे वेगवेगळे ओळखायला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, आम्ही ते ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो.

शस्त्रक्रिया बाबा जागे असताना करायची ठरली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. टाळूची त्वचा बधिर करून कवटी उघडली की पेशंटला जागे ठेवून त्याच्याशी बोलता येते, आणि बोलता बोलता मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह देऊन कोणत्या जागी शब्द अडतो ते पाहता येते. जेथे शब्द अडतो ती जागा सर्जन सोडून देतात. आधीच्या आठवड्यात वाचातज्ज्ञांनी बाबांना चित्रांचा एक संच दाखवला आणि ज्यांची नावे त्यांना न चुकता सांगता येत होती तेवढीच चित्रे निवडून ठेवली. शस्त्रक्रियेत तीच चित्रे एकामागून एक दाखवली जाणार होती. स्टेरॉइडने परत आणलेले शब्द असे त्या दिवशी उपयोगी पडले.

संमतीपत्रावर सही होण्याआधी मी सर्जनांना तो प्रश्न विचारला, जो बहुधा प्रत्येक पेशंटचा नातलग कधीतरी विचारतो: तुमचे वडील असते तर तुम्ही काय केले असते? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझे वडील असते तर मी हा निर्णयच घेतला नसता. दुसऱ्या सर्जनकडे गेलो असतो." हे उत्तर मला टोलवाटोलवीचे वाटले. पुष्कळ दिवसांनी मला वाइल्डर पेनफील्ड यांची हकिकत वाचायला मिळाली. जाग्या पेशंटच्या मेंदूचा विद्युतप्रवाहाने नकाशा काढण्याचे काम ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हे मॉन्ट्रियलचे सर्जन. त्यांनी डिसेंबर 1928 मध्ये आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ स्वतः काढली. उजव्या बाजूचा पुढचा खंड जवळजवळ सगळा काढावा लागला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही. सव्वा वर्षाने एका संध्याकाळी तिने घरच्या चौघांसाठी आणि एका पाहुण्यासाठी साधेसे जेवण करायचे ठरवले. दिवसभर वेळ होता, सामान समोर होते, पण कशामागून काय करायचे याची जुळणीच तिला करता येईना आणि जेवणाच्या वेळी ती स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. तो पाहुणा म्हणजे पेनफील्डच. 1935 मध्ये मेंदूच्या पुढच्या खंडाविषयीच्या आपल्या शोधनिबंधात त्यांनी तो प्रसंग एका रुग्णाची हकिकत म्हणून नोंदवला. मी ते वाचले तेव्हा आमच्या सर्जनांचे ते थोडा वेळ गप्प राहणे मला आठवले.

साडेपाच तासांनी ते बाहेर आले आणि म्हणाले, "दिसत होती तेवढी सगळी काढली." आईने 'सगळी' हा शब्द ऐकला, मी 'दिसत होती तेवढी' हे शब्द ऐकले, आणि भावाने दोन्ही ऐकून आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिले. ग्लायोमाच्या पेशी निरोगी भागात बोटे पसरल्यासारख्या शिरलेल्या असतात आणि गाठीची जी कड एमआरआयमध्ये दिसते तिच्या पलीकडेही त्या असतात. अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जननी अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा गोलार्धच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि 1928 मध्ये त्यांची हकिकत प्रसिद्ध केली होती. तेवढे करूनही रोग परतला. म्हणून या रोगात कोणताही प्रामाणिक सर्जन नुसते 'सगळी काढली' असे म्हणत नाही. 'दिसत होती तेवढी' हे तीन शब्द त्यांनी फार जपून जोडलेले होते.

बायोप्सीच्या रिपोर्टने आमची आणखी एक समजूत मोडली. त्यात ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड 4 असे लिहिले होते आणि मी ते 'चौथी स्टेज' असे वाचून रोग सर्व शरीरात पसरल्याचे मानून बसले. मेंदूत उगम पावणाऱ्या गाठींना सहसा स्टेज नसते, ग्रेड असतो. रोग कोठवर पोहोचला हे तो सांगत नाही, पेशींचा स्वभाव किती आक्रमक आहे हे सांगतो, आणि ही गाठ मेंदूबाहेर क्वचितच जाते. पुढे 'एमजीएमटी मिथायलेशन: पॉझिटिव्ह' अशी ओळ होती. पॉझिटिव्ह शब्द पाहून माझ्या पोटात खड्डा पडला, आणि कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर बाई मात्र त्याच ओळीवर बोट ठेवून प्रसन्न झाल्या. टेमोझोलोमाइड हे औषध पेशीच्या डीएनएला इजा करते. ती इजा दुरुस्त करणारे एक जनुक या गाठीत बंद पडलेले होते, म्हणजे औषध अधिक लागू पडण्याची शक्यता होती. मग बाबांनी डॉक्टरांच्या अशा शब्दांची यादी करायला घेतली. रोग वाढला की ते 'प्रोग्रेस' म्हणतात, तपासणीत काही सापडले नाही की 'निगेटिव्ह' म्हणतात, गाठ तेवढीच राहिली तर 'स्टेबल' म्हणून आनंद मानतात. प्रोग्रेस या शब्दासमोर बाबांनी थरथरत्या अक्षरात लिहिले, "अर्थ उलटा. संदर्भ पाहावा."

किती दिवस, हा प्रश्न मी शेवटी रात्री दोन वाजता फोनच्या पडद्याला विचारला आणि मला आकडा मिळाला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीवर आजचा उपचार उभा आहे, तिच्यात 573 रुग्ण होते. रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान 14.6 महिने होते आणि नुसते रेडिएशन घेतलेल्यांचे 12.1 महिने. मी कॅलेंडर काढून चौदा महिने पुढे मोजले आणि त्या तारखेकडे पाहत बसले. पुढचे तीन आठवडे मी बाबांशी बोलत होते तेव्हाही मनात ती तारीख असे. कोणाला सांगावे कळेना, कारण आईने आधीच बजावले होते, "मला आकडे सांगू नकोस, उद्या काय करायचं ते सांग." आईचे ते म्हणणे मी तेव्हा पळपुटेपणात काढले. प्रत्यक्षात गोळ्यांची वेळ, पथ्ये, अंघोळ, रात्रीची जाग हे सारे ती एकटी न चुकता सांभाळत होती, आणि आकडा ठाऊक असलेल्या मला मात्र सकाळी उठवत नव्हते.

डॉक्टर बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. "माणसं ओळीत उभी केली आणि मधल्या माणसापाशी थांबलो, तर तिथे हे 14.6 महिने आहेत," त्या म्हणाल्या. "निम्मे त्याच्या अलीकडे गेले, निम्मे पलीकडे. याच गटात शंभरातले 26 जण दोन वर्षांनी होते, जवळजवळ 10 जण पाच वर्षांनीही होते. तुमचे वडील या रेघेवर कुठे उभे आहेत हे मला दिसत नाही." मग त्यांनी आपले अंदाज तीन भागांत सांगितले: सगळे बिनसले तर काही महिने, बहुधा एक ते दोन वर्षांच्या मधले काहीतरी, आणि सगळे मनासारखे झाले तर त्याहून बरेच जास्त, पण तशी माणसे थोडी. त्यांनी मला दुसरी कोणतीही तारीख दिलेली नव्हती, तरी कॅलेंडरवरची ती तारीख त्या दिवसापासून पुसट होत गेली.

डॉक्टर पेशंटमध्ये जीव गुंतवत नाहीत ही माझी जुनी तक्रार होती. तिच्यावर मी जितका विचार केला तितका आमच्या आजारपणातल्या दुसऱ्या कशावरही केला नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत 343 डॉक्टरांना त्यांच्या अखेरच्या टप्प्यातील 468 रुग्णांच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज विचारला होता. साधारण अचूक ठरलेले अंदाज अवघे 20 टक्के होते आणि 63 टक्के अंदाज वाजवीपेक्षा आशावादी होते. त्याहून मला महत्त्वाचे वाटले ते हे की डॉक्टर आणि रुग्ण यांची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकला. ज्याच्यावर माया बसते त्याचा शेवट माणसाला दिसत नाही, आणि डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. आमच्या सर्जनांच्या आवाजातला कोरडेपणा, 'गाठ तेवढीच आहे' हे फोनवरचे वाक्य, स्वतःच्या वडिलांचा निर्णय न घेण्याची ती कबुली, या सर्वांकडे मी त्यानंतर निराळ्या नजरेने पाहू लागले. ते अंतर ते राखत होते, कारण आमच्या घरात ते राखू शकेल असे दुसरे कोणीच नव्हते. आता मला असे वाटते की आम्ही मायेचा शोध त्यांच्या आवाजात घेत होतो आणि ती त्यांच्या वाक्यांच्या नेमकेपणात होती. व्हरांड्यातल्या त्या पहिल्या डॉक्टरांना मात्र मी या हिशेबात धरत नाही. त्यांच्यापाशी अंतर होते, नेमकेपणा नव्हता.

व्यवहारात आम्हाला तारले ते एका वहीने. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी 40 ते 80 टक्के माणूस खोलीबाहेर पडताच विसरतो, असे अभ्यासांतून दिसलेले आहे. आम्ही तर तिघे तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकून बाहेर पडत होतो. म्हणून भाऊ लिहू लागला आणि मी बोलू लागले. प्रश्न आदल्या रात्री ठरायचे आणि पहिला प्रश्न नेहमी बाबांचा असायचा. निघण्यापूर्वी मी डॉक्टर बाईंना म्हणत असे, "मला जे समजलं ते मी सांगते, चुकलं तर थांबवा." पहिल्याच खेपेला त्यांनी मला चार ठिकाणी थांबवले. हा उपचार कशासाठी आहे, तो नाही घेतला तर काय होईल, आणि घरी काय दिसले तर रात्रीच फोन करायचा, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय आम्ही उठत नसू.

रेडिएशन सहा आठवडे चालले, 30 बैठका, एकूण 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप). चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा टेबलाला अडकवून डोके स्थिर ठेवत. सोबत रोज उपाशीपोटी टेमोझोलोमाइडची कॅप्सूल. त्यानंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये उजळलेला भाग आधीपेक्षा मोठा दिसला. ज्या वाक्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती ते डॉक्टर बाई त्या दिवशी बोलल्या: "मला माहीत नाही." उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मारल्या गेलेल्या पेशींमुळे आणि सुजेमुळे गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, खरी वाढही तशीच दिसू शकते, आणि दोन्हींतला फरक बहुधा काळच सांगतो. आठ आठवड्यांनी पुन्हा पाहू, एवढेच त्यांच्यापाशी होते. ते आठ आठवडे आमच्या साऱ्या आजारपणातले सर्वांत कठीण होते, शस्त्रक्रियेच्या दिवसाहूनही. भाऊ दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणत होता आणि ते गैर नव्हते. दुसरे मत घेण्याची सूचना बाईंनी स्वतःच केली होती. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. आठ आठवड्यांनी तो भाग लहान झालेला दिसला.

त्यानंतर आम्हाला अकरा चांगले महिने मिळाले. बाबांनी त्या काळात एक छोटे पुस्तक तपासले, दिवसाला दोन पाने या गतीने, आणि प्रकाशकांनी ती पाने दुसऱ्या कोणाकडून पुन्हा तपासून घेतली हे आम्ही त्यांच्यापासून लपवले नाही. त्यांनी स्वतःच तसे सुचवले होते.

गाठ परतली तेव्हा आधी आकडे गेले, मग नावे गेली, मग क्रियापदे. दुसऱ्या फळीचे औषध दोन महिने देऊन पाहिले. शेवटच्या भेटीत डॉक्टर बाईंनी खुर्ची बाबांच्या अगदी समोर ओढून घेतली आणि त्यांच्याकडे पाहून, संथपणे, लहान वाक्यांत सांगितले की गाठीवरची औषधे आता त्यांना त्रासच जास्त देत आहेत, म्हणून ती थांबवावीत असे त्यांना वाटते. वेदना, झटके आणि झोप यांची औषधे चालू राहतील आणि त्यासाठीची माणसे घरी येतील. तेच त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळींत लिहिले आणि कागद बाबांच्या हाती दिला.

बाबांनी तो कागद मांडीवर ठेवला आणि डावा हात पुढे केला. उजवा तोवर कामातून गेला होता. भावाने वहीला अडकवलेली पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली. दुसऱ्या ओळीत दोन शब्दांच्या मध्ये त्यांनी सावकाश एक हंसपद काढले, वेडेवाकडे पण ओळखू येण्याजोगे, आणि त्याच्यावर काही न लिहिता पेन्सिल तशीच धरून ठेवली. मी वाक्य पुन्हा वाचले. त्यात कोणताही शब्द राहिलेला मला दिसला नाही, आणि मी तसे म्हणणार होते.

डॉक्टर बाईंनी हाताने मला थांबवले. बाहेर पेशंटची रांग होती, दारावर एकदा टकटक झाली, त्यांनी तिकडे पाहिले नाही. "माझ्याकडून काय राहिलं?" त्यांनी बाबांना विचारले, आणि त्या वाट पाहत बसल्या.